टाळ्या विरतानाचं हसू

तोमोया, हात मागे घे. सुईला हात लावू नकोस. शेवटची बस गेली तर जाऊ दे, मी सोडतो तुम्हाला गाडीने. पण माझ्या या कॉफीच्या दुकानात रेकॉर्डची बाजू एकदा लावली की संपेपर्यंत सुई उचलायची नाही... हं, संपली. आता बोला.

चिहारू, दात काय काढतेस? म्हाताऱ्याचं खूळ वाटतंय ना? बाहेरची पाटी आत घे, स्टोव्ह जरा मोठा कर, आणि बस इथे. उसुझावाची गोष्ट सांगतो. आपल्या मोरिओकातलाच माणूस. स्टेशनच्या मागे त्याचं जुन्या रेकॉर्डचं दुकान होतं. खोटं वाटलं तर त्यालाच जाऊन विचारा, धडधाकट आहे अजून.

रेकॉर्ड जमवणारा कुणी वारला की घरचे उसुझावाला बोलवायचे. तो जाऊन सगळं उचलून आणायचा. आम्ही त्याला तोंडावर गिधाड म्हणायचो. मला, म्हणजे या दुकानाच्या मास्टरला, तो म्हणायचा, "तुझ्याकडेही येणारच आहे मी, मास्टर. फळ्या रिकाम्या करून ठेवल्यात." असा माणूस. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही.

फेब्रुवारीतली एकोणीस तारीख होती, बुधवार. कुजीकडच्या एका गावातून त्याला फोन आला. ओरिकासा नावाचे सलूनवाले वारले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणपन्नासावा दिवस. त्या दिवसापर्यंत गेलेला माणूस घरातच असतो, मग निघतो, हे तुम्हाला तुमच्या आजीने सांगितलंच असेल. त्यांची बायको, फुमिए काकू, फोनवर म्हणाल्या, "आजच या. उद्या उपयोग नाही."

घाटात बर्फ होता. उसुझावा पोचला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. सलूनचं दार ढकललं तशी वरची घंटी वाजली. लाल खुर्च्या, आरसे, सगळं पुसून लख्ख. काकूंनी चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं.

"उशीर झाला, काकू. रस्ताच दिसत नव्हता."

"असू द्या. त्यांची वेळ अजून व्हायचीय."

उसुझावाने चहा संपवला. मागच्या खोलीत गेला आणि त्याचे डोळे विस्फारले. जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्ड. मध्ये एक जुनी आरामखुर्ची. आणि प्लेअरवर एक रेकॉर्ड तशीच ठेवलेली. तिचं कव्हर पाहिलं आणि गिधाडाने पिशवी खाली ठेवून दोन्ही हात पँटला पुसले.

ती रेकॉर्ड म्हणजे... ती बघा, काउंटरमागे वरच्या फळीवर आहे ना, तिचीच दुसरी प्रत. सेंदाईचे तिघे होते, पियानो, बास, ड्रम. पन्नास वर्षांपूर्वी एका कॉफीच्या दुकानात वाजवताना कुणीतरी टिपून घेतलं. प्रती थोड्याच निघाल्या. एक माझ्याकडे. उसुझावा वीस वर्षं माझ्या मागे लागला होता, मी दाद दिली नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी टाळ्या आहेत. टाळ्या विरताना गर्दीतली एक मुलगी खुदकन हसते, आणि तोंडावर हात दाबावा तशी गप्प होते. इथल्या जुन्या गिऱ्हाइकांना ते हसू पाठ होतं. ते कुणाचं, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

"त्यातलं हसू माझं आहे," उसुझावा कव्हर न्याहाळत होता तेव्हा काकू म्हणाल्या. "वीस वर्षांची होते. यांनी कानात काहीतरी वात्रट सांगितलं, आणि हसू फुटलं. लग्न नंतर झालं. तेव्हापासून रोज रात्री दुकान बंद केलं की हे ती बाजू लावायचे. माझं हसू ऐकलं की म्हणायचे, चला, झोपू या."

"आणि त्या रात्री?"

"शेवटची चीज चालू असतानाच खुर्चीत कलंडले. मी घाबरले. काय करावं सुचेना... मी सुई उचलली." काकूंनी आरामखुर्चीतली उशी सारखी केली. "तेव्हापासून रोज दहा वाजले की खुर्ची करकरते. बसतात. वाट बघतात. माझा हात इतका कापतो की सुई ठेवता येत नाही. उद्या ते निघणार. आज एवढी एक बाजू शेवटपर्यंत लावा, भाऊ. मग सगळ्या रेकॉर्ड तुमच्या. हीसुद्धा."

म्हातारीचं मन राखावं म्हणून उसुझावाने मान हलवली. दहाला त्याने सुई ठेवली. काकू दारात बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून. पियानो सुरू झाला.

खुर्ची करकरली.

लाकूड आहे, थंडीने करकरतं, असं उसुझावा मनाशी म्हणाला. मग त्याची नजर उशीवर गेली. उशी दबलेली होती. मधोमध. माणूस बसल्यावर दबते तशी.

तो हलला नाही. पहिली चीज झाली. दुसरी झाली. शेवटची लागली, ती संथ. आणि तेव्हा त्याच्या कानाने ते टिपलं. वाजवण्याच्या आड बारीक खरखर. सुई झिजलेली होती. झिजलेली सुई रेकॉर्ड खाते, पोरांनो. भूत समोर बसलेलं असो, रेकॉर्ड जमवणाऱ्याला ती खरखर सहन होत नाही. आणि ही रेकॉर्ड तर आता त्याची होणार होती. पिशवीत कोरी सुई होती. मिनिटाचं काम. बदलू आणि पुन्हा लावू.

त्याने सुईची दांडी उचलली.

टक्.

खोली गप्प झाली.

काकू म्हणाल्या, "का... का उचललीत?"

"सुई खराब आहे, काकू. लगेच लावतो. हे काय, लगेच..."

उशी हळूहळू वर आली. फुगली. सपाट झाली.

मग बाहेर सलूनमध्ये... दाराची घंटी वाजली.

एकदाच.

कोरी सुई घालताना त्याच्या हातून दोनदा पडली. मग बाजू लावली, पहिल्यापासून. शेवटची चीज संपली. टाळ्या आल्या. विरत गेल्या. आणि... काही नाही. हसू नाही. त्याने परत लावली. नाही. परत. नाही.

काकू रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यांनी जन्मात कुणावर राग धरला नाही. पण आधी मी उचलली, आज तुम्ही. दोनदा कोण वाट बघेल हो?"

रात्रभर ती दोघं तिथेच बसली. पहाटे काकूंनीच विचारलं, "दुसरी कुठे आहे का हो ही रेकॉर्ड? विधीला भटजी यायला दुपार होईल. तोवर ते घराच्या आसपासच असतील. तिच्यात तरी माझं हसू असेल ना?"

सकाळी आठच्या सुमाराला या दुकानाचं दार कुणीतरी बडवायला लागलं. बर्फाने पांढरा झालेला उसुझावा. वीस वर्षं ज्या रेकॉर्डसाठी माझ्याशी भांडला, तिच्यासाठी त्याने गुडघे टेकले. "कायमची नको, मास्टर. दुपारपर्यंत दे. त्या बाईसाठी दे." सगळं सांगितलं त्याने. मी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणालो, "थांब, घाट ओलांडून नेण्याआधी ऐकून बघू."

त्या फळीवरून काढली. आदल्याच आठवड्यात मी ती वाजवली होती आणि हसू ऐकलं होतं, या माझ्या कानांनी. दुसरी बाजू लावली. आम्ही दोघं इथेच उभे होतो, चिहारू, तू बसलीयस तिथे. शेवटची चीज संपली. टाळ्या आल्या. विरायला लागल्या. उसुझावाने माझं मनगट धरलं.

हसू आलं नाही.

त्या जागी आवाज आला...

टक्.

सुई उचलल्याचा. आणि मागून, लांब, एक घंटी.

मी प्लेअरकडे पाहिलं. सुई रेकॉर्डवरच होती.