पाकटाच्या उजवीकडे

कोंडतळच्या शाळेत आठवीची सहल वर्गातून निघून वर्गातच संपायची. तरी पोरं डबे आणत, आया लवकर उठून बटाट्याची भाजी करत, आणि पालकांच्या सहीचे कागद गोळा करताना गुरुजींच्या नाकी नऊ येत. रीत मोडवत नाही, दुसरं काय! मग बत्तीस पोरं डोळे मिटून बसत, कपाळाला ओलसर पट्टी लागे आणि सात मिनिटांत सगळी सड्यावर जाऊन येत. तो सडा, म्हणजे गावावरचं उघडं कातळाचं पठार, वर्गाच्या खिडकीतून दिसत होता. तिथे पाय ठेवायला मात्र बंदी होती.

सड्यावरच्या जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी एक प्रचंड पाकट कोरून ठेवलं होतं. पाकट म्हणजे पंखांसारख्या रुंद परांचा, लांब शेपटीचा समुद्री मासा. पण आम्ल पावसाने दगड भुसभुशीत झाला, पावलागणिक रेषा झडू लागल्या, तेव्हा वारसा खात्याने सड्यावर काचेचं छप्पर घातलं आणि दार कायमचं लावून घेतलं. त्याआधी एकाच माणसाला शेवटचं आत नेऊन त्याची त्या एका तासाची आठवण टिपून घेतली. तिला नाव दिलं स्मृतिबीज. ते दुसऱ्याच्या मेंदूत रुजवलं की त्यालाही आपण तिथे गेलो होतो असं आठवू लागतं. त्याने न पाहिलेला दगड त्याने पाहिलेला होतो.

तो एक माणूस म्हणजे मंगेश गोताड. सड्यावरचा वाटाड्या. एकतीस वर्षांत राज्यभरातली चाळीस लाख मुलं त्याच्या डोळ्यांनी पाकट बघून आली होती, आणि गावच्या दर सहलीला खातं त्याला शाल-नारळ देऊन मागच्या बाकावर बसवत होतं.

चौथ्या मिनिटाला बत्तीस माना एकदम उजवीकडे वळल्या. मंगेशने नारळ मांडीत घट्ट धरला. दरवर्षी तो हे बघायचं नाही असं ठरवायचा आणि दरवर्षी बघायचा.

पट्ट्या निघाल्या. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मी घरी जाऊ?" मग सगळ्यांनीच तो धोशा लावला. डबे तसेच राहिले.

"हे सगळीकडे होतं, काका," शेजारी बसलेल्या डॉ. ऋजुता आगाशे म्हणाल्या. त्या खात्याच्या मेंदूशास्त्रज्ञ होत्या आणि खास त्याला भेटायला आल्या होत्या. "पुस्तकात याला प्राचीनतेची हुरहुर म्हणतात. उजवीकडे समुद्र आहे, म्हणून शिल्पकाराला प्रेक्षकाने तिकडे बघायला हवं होतं, असा एक प्रबंधही आहे."

मंगेश हसला. ते हसू बघवत नव्हतं.

दोघं शाळेच्या पडवीत येऊन बसले. डॉक्टरांनी अडचण सांगितली. खात्याने आणखी अकरा ठिकाणची बीजं केली होती: लेणी, गड, फुलांचं पठार. प्रत्येक ठिकाणी मोठे विद्वान आत पाठवले. पण ती बीजं पंधरा दिवसांत विरून गेली. जन्मभर टिकलं ते फक्त पाकट.

"मेंदू सगळंच ठेवून घेत नाही, काका. पाढे विसरतात, पण पाढे चुकल्यावर बसलेली छडी विसरत नाही. ज्या क्षणी जीव टांगणीला असतो, त्या क्षणाची प्रत्येक रेघ तो जपतो. तुमच्या बीजात असं काहीतरी आहे. त्या दिवशी तुमच्या उजवीकडे काय होतं?"

"काय नव्हतं," मंगेश म्हणाला. "तीच तर गोष्ट हाय."

एकतीस वर्षं त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे आपलीही लाज उघडी करायची. पण आता वय झालं होतं, आणि मनात एकच इच्छा उरली होती.

"कोरड्या दगडावर पाकट दिसत नाय, बाय. आदी झाडून घ्यायचं, मग पानी वतायचं. वली झाली की रेघ उटते. मी झाडायचा नि रेश्मा, माजी बायको, कळशी घेऊन उजव्या अंगाला हुबी ऱ्हायची. मी मान वळवली की ती वतायची. सांगायला लागायचं नाय."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी सकाळीच लाकडांत तिला फुरसं चावलं. खात्याची गाडी दारात हुबी. मी म्हटलं, सायेब, आदी हिला तालुक्याला पोचवा. सायेब म्हनाले, फुरशानं मानूस लगीच जात नाय. तिरपं ऊन गेलं की रेघा दिसायच्या नायत, तासाभराचं काम हाय. ती पन म्हनाली, जावा तुमी." त्याने शालीच्या टोकाने नाक पुसलं. "आनि मी गेलो. नाय म्हनता आलं असतं. पन मोटा मान व्हता ना! वर झाडलं पन मीच, पानी पन मीच वतलं, नि सगळा येळ जीव घरी. सवयीनं मान वळवायचा, तर जागा मोकळी. खाली आलो तवा ती बोलत नव्हती. तालुक्याच्या वाटेवरच गेली."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "बीज तुम्ही खाली येण्याआधीच संपतं. म्हणून मुलांची ती घाई कधी संपतच नाही."

"चाळीस लाख पोरं तिला शोदत्यात, नि एकाला पन तिचं नाव ठावं नाय. पाकटाच्या धड्यात तिचं नाव घाला, बाय. दुसरं काय नको."

"घालू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं.

सात महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. हातात खात्याची नवी पुस्तिका होती. आपणहून दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण शब्द दिला होता.

"नाव लागलं, काका."

मंगेशने चष्मा पुसून वाचायला घेतलं. 'रेश्मा पद्धत. स्मृतिबीजासाठी असा निरीक्षक निवडावा, ज्याच्या घरी त्या दिवशी जवळचं माणूस अत्यवस्थ असेल. वाहन त्याच्या नजरेसमोर उभं ठेवावं, मात्र नोंद पूर्ण होईपर्यंत सोडू नये.' त्याने ते दोनदा वाचलं. बायकोच्या नावावरून बोट फिरवलं आणि मग ते बोट धोतराला पुसलं.

"हे धड्यात घालायचं व्हतं, बाय. ह्ये काय केलंस?"

"या वेळी कोणी मरणार नाही. घरी डॉक्टर बसवणार आहोत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "फक्त निरीक्षकाला ते सांगायचं नाही. सांगितलं तर बीज धरत नाही."

"कोन हाय तो?"

"फुलांच्या पठारावरचा राखणदार. त्याच्या आईचा दमा फार बळावलाय. पुढच्या आठवड्यात त्याला आत नेणार."

मंगेशने पुस्तिका मिटली. "तू आठवीत असताना सहलीला गेलतीस?"

"सगळेच जातात, काका."

"म्हंजे तुज्या पन डोक्यात ती हाय. तुला पन घरी पळावंसं वाटतं. आनि तरी केलंस?"

डॉ. आगाशे उठून उभ्या राहिल्या. उत्तर देण्याआधी त्यांची मान नकळत उजवीकडे वळली.

"म्हणून तर बीज टिकणार याची खात्री होती," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली, अजून एक दिवस सुटका नाही."