दोन टाळ्या, चार टाळ्या

"माझं गाणं सगळ्या देशानं म्हटलं, बाई. फकस्त माझं नाव कुनी घेतलं न्हाई," खातूनबी म्हणाल्या आणि ओढणी सावरत खुर्चीत बसल्या.

नगरला सावेडीत नीलांबरी जहागीरदारांचं खासगी तपासाचं छोटंसं ऑफिस आहे. त्यांचे थोरले बंधू शरच्चंद्र, निवृत्त मास्तर, तिथे मदतनीस म्हणून बसतात. गाण्याचं नाव निघताच ते ताडकन उठले.

"म्हणजे ते दोन टाळ्या–चार टाळ्यांचं?"

यंदा त्यांना एक नंबरच्या गाण्यांचा नादच लागला होता. जानेवारीतलं प्रेमगीत, होळीतलं धांगडधिंग्याचं, पावसाळ्यातलं रडकं. सगळी त्यांना पाठ. पण मे महिन्यात आलेलं हे गाणं त्या साऱ्यांना पुरून उरलं होतं. मधे शब्द थांबत, पहिल्या कडव्यात लोक दोन टाळ्या वाजवत, दुसऱ्यात चार, आणि गाणं पुन्हा सुरू. ऐकून ज्याचा हात हलला नाही असा माणूस दाखवा!

खातूनबी बेलापूरच्या. मेंदीच्या रात्री ढोलकावर गाणाऱ्या. ही चाल त्यांनी फेब्रुवारीत शेजारच्या इन्शाच्या लग्नासाठी नवी बांधली होती.

"बायकांतच गायलं. पुरुषांना मज्जाव. मोबाईलसुदा दाराशी टोपलीत."

"त्या रात्रीचं पहिलंच गाणं का?" नीलांबरीबाईंनी विचारलं.

"व्हय. पहिलं गाणं नवरा-नवरीचं नाव घेऊन. ते सुरू झाल्याबिगर आमच्यात मेंदीच्या कोनाला कुनी हात लावत न्हाई."

"संशय कुणावर?"

खातूनबींनी नजर वळवली. "भाच्यावर. नियाज. बाहेर बाप्यांच्या मांडवात त्याचा साउंड हुता. महिन्याभरात, ज्यानं हे गाणं काढलं त्या अर्णवच्या स्टुडिओत कामाला लागला. बिनआईचं पोर, मीच वाढवलं. आता दारात उभं करत न्हाई त्याला."

रविवारी मुंबईत त्या गाण्याला वर्षाचं गाणं म्हणून गौरवणार होते. त्याआधी खरं काय ते खातूनबींना हवं होतं.

नियाज स्टुडिओत वायरी गुंडाळत बसला होता.

"मॅडम, त्या रात्री माझ्या बॉक्सवर एक नंबरची गाणी वाजत हुती, लई मोठ्यानं. मांडवातल्या समद्यांना विचारा. शेजारच्याचं बोलनं ऐकू येत न्हवतं, आतलं गाणं कुठनं येनार?" मग हळूच मावशीची चौकशी केली, "खाला जेवती ना वेळेवर?"

अर्णव संगीतकार. गाण्यावर त्याचं आणि गायिका मनवाचं नाव जोडीनं लागलेलं.

"चाल आमची, दोघांची," तो म्हणाला. "मी टाळ्या दोन्हीकडे चार करणार होतो. मनवा हटून बसली. आणि बघा, लोकांना तीच जागा आवडली!"

मनवा राहुरीला कृषी विद्यापीठात शिकलेली.

"इन्शा माझ्याच वर्गात होती," तिने सांगितलं. "लग्नाला गेले होते. पण गाणी ऐकली नाहीत. मेंदी काढून घेतली नि लगेच निघाले."

"रंगली का?"

"गडद! आठवडाभर होती."

बाहेर आल्यावर शरच्चंद्र म्हणाले, "नीला, उरला नियाजच."

"दादा, तू गाणं रोज ऐकतोस आणि टाळ्याही वाजवतोस. पण त्या जागी आधी काय होतं, हे कधी मनात आलं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी नीलांबरीबाईंनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. खातूनबी भाच्याकडे पाठ करून बसल्या.

"खातूनबी, इन्शाच्या नवऱ्याचं नाव गाण्यात कसं घेतलंत?"

"उझैरमियाँ."

"दादा, इन्शा म्हणताना टाळी दे. इन्-शा. किती?"

"दोन."

"आणि उ-झैर-मि-याँ?"

शरच्चंद्रांचे हात चौथ्या टाळीवर तसेच राहिले. "अगं!"

"टाळ्यांच्या जागी आधी ही नावं होती. लग्न बदललं की नावं बदलतात आणि ती जागा लहानमोठी होते. ज्याने हे गाणं एकाच रात्री ऐकलं, त्याला मात्र दोन आणि चार हाच नियम वाटला. नियाजला बाहेर काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मांडवातल्या चौघांना विचारून खात्री केलीय. अर्णव टाळ्या सारख्या करायला निघाला होता, म्हणजे मूळ गाणं त्याने ऐकलेलं नाही. हट्ट मनवाचा होता. मनवा, पहिलं गाणं सुरू झाल्याशिवाय त्या घरात मेंदी लावत नाहीत. तुमचे हात रंगले होते, म्हणजे तुम्ही ते गाणं ऐकलं होतं."

मनवाने मान खाली घातली.

"चाल डोक्यातून जाईना," ती शेवटी म्हणाली. "शब्द बदलले. नावं काढली, कुणाला कळू नये म्हणून. जागा भरायला काही सुचेना, म्हणून टाळ्या ठेवल्या."

"आणि तुम्ही मोकळी केलेली तीच जागा देशाने डोक्यावर घेतली," नीलांबरीबाई म्हणाल्या. "बांधणारीचा हात असा असतो! रविवारी काय करणार?"

"मंचावर खातूनबींना नेईन. नाव त्यांचंच लागेल."

पण खातूनबींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या उठून नियाजसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चुकले रे पोरा. लई चुकले."

"खाला, जेवलीस का?" एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

खातूनबींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग समोरच्या टेबलावर ताल धरून त्या गाऊ लागल्या, आपल्या मूळ शब्दांत. शरच्चंद्रांनी आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या वाजवायचं विसरून गाणं ऐकलं.

नवरीच्या नावापाशी त्या थांबल्या. जागा मोकळीच सोडली. पुढच्या कडव्यात मात्र खणखणीत आवाजात नाव घेतलं, "नियाजमियाँ!"

नियाज लाजून वायरी गुंडाळायला लागला.

"ती पहिली जागा," खातूनबी दटावत म्हणाल्या, "लौकर भर."