ऊन पाणी

माझ्या लेकीचं, चंपाचं लग्न झालं ते १९६१ साल. मांडव उतरून आठवडा झाला नव्हता, तोच मी आणि धाकटा भाऊ गुंडू हेब्बाळला विश्वासराव मास्तरांची विहीर खोदायला गेलो. हाच आमचा धंदा. चाळिशी ओलांडल्यावर मला अक्षरं शिकवली ती याच मास्तरांनी, म्हणून त्यांचा शब्द मी मोडत नसे.

मास्तर पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर तपासत. एका हिब्रू शब्दापाशी ते वर्षभर अडले होते. बापाची गाढवं राखताना एका माणसाला रानात काहीतरी सापडलं, एवढंच तिथे आहे. तो शब्द पुन्हा कुठेच येत नाही. कुणी अर्थ लावतं खेचरं, कुणी ऊन पाण्याचे झरे.

"सापडलेलं सांगायला तो परत आला का, मास्तर?" गुंडूनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग गाढवंच परत आली असतील," गुंडू हसला आणि कमरेला दोर बांधून उतरला.

पन्नास फूट खाली नुसता काळा खडक, कोरडा. आमचा नियम एकच. खालून दोन हिसके आले की आधी ओढायचं, मग विचारायचं.

दुपारी पहारीचा आवाज थांबला.

"अण्णा, पाणी लागलं!" मग जरा वेळानं, "ऊन आहे रे."

मास्तर धावत काठाशी आले. चुलीवरच्या हंड्यासारखी विहिरीतून वाफ येत होती.

दोन हिसके.

मी दोर आवळला. मास्तरांनी माझं मनगट धरलं. "मल्लाप्पा, स्वल्प थांब. विचार त्याला, वाहतंय का साचलंय? एवढंच."

मी विचारलं.

"अण्णा, पाय टेकत नाहीत." आवाज फार लांबून आला.

मी ओढलं. दोर हलका होता. कमरेची गाठ बांधलेली तशीच, आत कुणी नाही. दोर ओला, हाताला चटका देणारा.

वाफ विरली. तळाशी कोरडा खडक, त्यावर आडवी पहार. पोलिसांनी दोन दिवस शोधलं. खडकाला भेगसुद्धा नव्हती.

मास्तरांनी त्या अडलेल्या शब्दाच्या चिठ्ठीवर 'ऊन पाण्याचे झरे' लिहिलं. आठवड्यानं मी ती वाचली, तेव्हाही शाई बोटाला लागली.

दोर माझ्या घरी खुंटीला आहे. कधी कधी त्याला दोन हिसके बसतात. आता मी विचारत नाही, ओढतो. टोक ओलं असतं.

विश्वासराव मास्तर त्याच वर्षी जूनमध्ये वारले. गुंडू २ मार्च १९६१ रोजी दुपारी, मी विचारत होतो तेव्हा वारला.