पुढच्या केबिनचा दिवा

काम साधं होतं. मढच्या खाडीकाठी एका यार्डात पावसाळ्यापुरती वर ओढून ठेवलेली जुनी यॉट, तिच्यातले सगळे हॅलोजन काढायचे आणि एलईडी बसवायचे. मालक अंधेरीचे देवव्रत साहेब. त्यांची तक्रार एकच, समुद्रात नांगर टाकून संध्याकाळी जरा दिवे लावून बसलं की बॅटरी झोपते आणि परतताना इंजिन सुरू व्हायला मागत नाही. हॅलोजनची जातच तशी. खाणार जास्त आणि तापणार त्याहून जास्त. यॉटच्या छताचं लाकूड प्रत्येक दिव्याभोवती करपून तपकिरी झालं होतं.

हे काम मूळचं नितेशचं. नितेश म्हणजे... आता तुम्हाला कसं सांगू? मालाडला आम्ही एकाच चाळीत वाढलो, आणि चाळीच्या जागी बिल्डिंग झाली तरी समोरासमोरच राहिलो. वायरिंग एकाच उस्तादाकडे शिकलो. त्याची आई लवकर गेली, त्यामुळे तो निम्मा माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झाला. आई परवापरवापर्यंत तळलेल्या सुरमईची पहिली तुकडी त्याच्या ताटात टाकायची. सख्खा भाऊ असता तर भांडलो तरी असतो. याच्याशी कधी तेवढंही झालं नाही.

त्याने यॉटचं काम सुरू केलं आणि लगेच सोडलं. "गोरेगावच्या स्टुडिओत मोठं काम लागलंय यार," तो म्हणाला. "हे तू घे ना, प्रीतम." तोंड उतरलेलं, डोळे खोल गेलेले. घरात तान्ही मुलगी आहे, झोप होत नसेल, असं मी समजलो.

काम सोपवायला तो स्वतः माझ्याबरोबर यार्डात आला. येताना नारळ घेऊन आला. होडीवर काम करायचं तर आधी गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्या कोकणातली रीत. एकाने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. लहानपणापासून इतक्यांदा म्हटलंय की तोंड आपोआप म्हणतं. मागणं काय चाललंय ते कोण ऐकतो हो?

त्या दिवशी शेजारच्या होडीचा तळ कुणीतरी ग्राइंडरने घासत होतं. मी गुडघ्यावर पिशवी घेऊन लोहार चाळीच्या बाजारातून आणलेले दिवे तपासत होतो. नितेश नारळापुढे उभा राहून भराभर पुटपुटत होता. तो थांबला की मी "व्हय महाराजा". पुन्हा थांबला की पुन्हा "व्हय महाराजा". सगळं झाल्यावर त्याने माझा हात घट्ट धरला. त्याचा तळवा घामाने ओला होता. मग तो निघाला, चहालाही थांबला नाही.

मी शिडी लावून वर चढलो.

यॉटवर निळी ताडपत्री आवळून बांधली होती, त्यामुळे भर दुपारी आत काळोख. डिझेलचा, ओल धरलेल्या गाद्यांचा आणि कोंडलेल्या खाऱ्या हवेचा वास. वारा आला की ताडपत्री फुगायची आणि हळूच खाली बसायची. पहिल्यांदा दचकलो, मग सवय झाली. डोक्याला टॉर्च बांधून एकेक दिवा बदलत गेलो. हॅलोजनला वायरी कशाही जोडा, तो जळतो. एलईडीला प्लस-मायनस बरोबर लागतं, आणि जुन्या होडीत वायरींचे रंग उडालेले असतात, म्हणून वेळ लागतो. पण मधल्या केबिनमध्ये तो पांढरा, थंड उजेड पडला तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं.

राहिली पुढची केबिन. होडीच्या नाकात, दोन माणसं अंग चोरून झोपतील एवढी. तिथे छताला एकच दिवा, आणि त्याचा बल्ब आधीच काढलेला. नितेशने सगळ्या यॉटमधला तेवढा एकच काढला होता. नवल वाटलं, कारण कुणीही शहाणा माणूस बटणांच्या पाटीपासून सुरुवात करतो. हा आधी शेवटच्या टोकाला का गेला असेल? जाऊ दे म्हटलं आणि एलईडी बसवला.

मग वायरलेस चालू केला. ते करावंच लागतं. हलके एलईडी लावले की होडीच्या वायरलेसमध्ये खरखर येते आणि समुद्रात मदत मागायची वेळ आली तर वाट लागते. मी मधल्या केबिनमधले दिवे लावले. वायरलेस स्वच्छ. पुढच्या केबिनचा दिवा लावला.

खरखर सुरू झाली.

आणि तो दिवा पिवळा जळत होता. मी स्वतः बसवलेला एलईडी... पण उजेड हॅलोजनचा, जुना, तुपकट. तापलेल्या काचेवर धूळ जळते तसा वास आला. मी पुढे जाऊन बोट लावलं तर चरकन चटका बसला.

वायरिंगमध्ये घोटाळा झाला असं धरून मी मागे आलो आणि बॅटरीचा मेन स्विच बंद केला. मधल्या केबिनमध्ये काळोख झाला. पुढचा दिवा जळतच राहिला. वायरलेसही थांबला नाही. त्या खरखरीतून कुणीतरी बोलत होतं. मी कान लावला. आवाज नितेशचा होता.

"...जा काय माझ्या पाठी लागलेला आसा, ता आजपास्ना माझ्या घराक सोडूंदे, महाराजा..."

क्षणभर थांबला.

"व्हय महाराजा," माझाच आवाज म्हणाला.

"...माझ्या जाग्यार ह्यो प्रीतम उभो आसा... जा काय आसा ता ह्येच्याबरोबर जाऊंदे... ह्यो आपल्या खुशीन राजी आसा, महाराजा..."

"व्हय महाराजा," मी. अगदी सहज. दिवे तपासत असताना म्हटलेलं.

भीती नंतर आली हो. आधी छातीत काहीतरी तुटलं. एवढ्या वर्षांत ज्याच्यापाशी पाकीट, चावी, आई, सगळं बिनधास्त सोडून गेलो, तो माझ्या शेजारी उभा राहून माझंच नाव देत होता आणि मी मान डोलवत होतो.

मग पुढच्या केबिनमधली गादी दबली. कुणी काठावर बसावं तशी, हळू... आणि पुन्हा वर आली. कुणीतरी उठलं होतं. दिवा विझला. तो जळक्या धुळीचा वास माझ्या अगदी तोंडाजवळ आला.

शिडी उतरलो की उडी मारली, मला आठवत नाही. हत्यारं तिथेच राहिली.

मी थेट नितेशच्या दारात गेलो. दिवेलागण झाली होती. दार त्यानेच उघडलं. दाढी केलेली, डोळे स्वच्छ, चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचं तेज. मागे पाळण्यात त्याची प्रांजल शांत पडली होती. मला बघून त्याने दार मागे ओढून घेतलं आणि बाहेर जिन्यात आला.

"काय रे होतं ते?" मी विचारलं.

"मला नाही माहीत. खरंच नाही. त्या केबिनमध्ये कुणीतरी असायचं... तेवढा एक दिवा त्याचा होता. मी काढला." तो कठड्याकडे बघत बोलत होता. "त्या दिवसापासून ते आमच्या घरात. पाळण्याजवळ उभं राहायचं रे. पोरगी किंचाळायची, श्वास कोंडायचा तिचा. गावाला भावकीत विचारलं. म्हणाले, काम दुसऱ्याच्या हातात दे, पण त्याने स्वतःच्या तोंडाने व्हय म्हणायला पाहिजे."

"मला सांगितलं असतंस तर? मी आलो नसतो का तुझ्याबरोबर?"

"आला असतास."

"मग मीच का रे, नितेश?"

त्याने मागे वळून दार नीट लागलंय ना ते बघितलं. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणीही आधी विचारलं असतं, काय मागतोयस म्हणून... तू एकटाच विचारणार नव्हतास."

मारायला हात उचलला होता, तो तसाच खाली आला. आतून प्रांजल झोपेत हसली. लहान मुलं हसतात तशी.

त्यानंतर मी त्याच्या दाराकडे बघत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती विचारते, "नितेश जेवाक कित्या येणा नाय रे?" आणि मी ताटात मान घालतो. देवव्रत साहेबांचा फोन येतो, तुला जमत नसेल तर दुसरा माणूस दे. देता येईल. रीत आता मलाही ठाऊक आहे. पण त्यासाठी समोरचा माझ्यावर आंधळा विश्वास ठेवणारा लागतो, आणि तसा माणूस डोळ्यासमोर आला की माझी जीभ उचलत नाही.

ते घरात आहे. कधी मोरीपाशी, कधी माझ्या उशाशी. धुळीच्या वासावरून कळतं. माझ्याबरोबर आहे, तोवर ठीक आहे, असं मी मनाला समजावत होतो.

काल दुपारी आई आतल्या खोलीत जरा पडली होती. मी पाणी प्यायला उठलो तर तिचा आवाज आला. झोपेत बोलत असेल म्हणून दाराशी गेलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, दिव्याचं बटण बंद होतं. स्टुलावर चढून मी तिच्या डोक्यावरच्या एलईडीला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

आई कधी कुणाला नाही म्हणत नाही. चाळीच्या दिवसांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. ती डोळे मिटून पडली होती, कुणाचं तरी गाऱ्हाणं नीट ऐकत असल्यासारखी. थोडा वेळ गेला. मग तिने मान डोलावली आणि झोपेतच, अगदी मायेने म्हणाली,

"व्हय महाराजा..."