लाल रेघ

भिंगरी उस्ताद, वय वर्षे अठ्ठावन्न. चिखल, वाळू, डांबरी वळणे, डोंगराची चढण, कोणतीही शर्यत त्यांना वर्ज्य नव्हती आणि प्रत्येकीसाठी मोटरसायकल ते स्वतः घडवीत. मात्र त्यांनी आवळलेला प्रत्येक नट थोरले बंधू तपासत. आवळलेल्या नटावर उस्तादांची पांढरी रेघ, तपासून झाला की शेजारी दादांची लाल. दोन्ही असल्याखेरीज गाडी जागची हलत नसे.

दादा हिवाळ्यात गेले. चढणीसाठीची ही गाडी दोघांनी मिळून आरंभिली होती. ती शिखरावर पोचवायचीच, एवढाच ध्यास उस्तादांना लागला होता. शर्यतीच्या सकाळी तिच्यावर फक्त पांढऱ्या रेघा होत्या.

धुके दाट होते. दादांच्या पत्नी थर्मास घेऊन शेजारी उभ्या होत्या.

“भावजी, या वयात पडलात तर उचलायला मी नाही हं येणार!”

“वहिनी, आधी गाडी उचला. दीर काय, दुसरा मिळेल!”

वहिनी खळखळून हसल्या. उस्तादांनी किक मारली. इंजिन धडधडले आणि बंद पडले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा... बंद गाडीच्या मागच्या चाकापाशी कोणीतरी पाना आपटला. ठक्, ठक्. पाठोपाठ जळक्या एरंडेलाचा वास आला. इंजिनात ते तेल दादांखेरीज कोणी घालत नसे.

“वहिनी... ऐकलंत?”

“ऐकलं...” त्या कुजबुजल्या. “खाली वाका. ते उगाच नाही आपटायचे.”

मागच्या आसाचा नट नुसत्या बोटाने फिरला! घाईत उस्तादांनी आधी रेघ ओढली होती. आवळायचे राहूनच गेले होते.

नट आवळताच पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. तिला मागची बैठक नव्हती. तरीही प्रत्येक वळणावर पाठीमागे कोणीतरी नेमके हवे तिकडे झुकत होते. उस्ताद हेल्मेटात मोठमोठ्याने हसत शिखरावर पोचले, सर्वांच्या आधी.

मागाहून जीपने आलेल्या वहिनींनी गाडीकडे बोट दाखवले. प्रत्येक पांढऱ्या रेघेशेजारी लाल रेघ होती. ओली.

“वाकडी आहे,” त्यांचे डोळे भरून आले. “हात त्यांचाच.”

“शर्यत संपल्यावर तपासतोय! दादा कधी वेळेवर आलाय का?”

त्या दिवसापासून शेवटचा नट आवळला की उस्ताद दहा मिनिटे गॅरेजबाहेर जाऊन बसतात. लाल रंगाचा डबा वहिनींच्या कपाटात कुलूपबंद आहे. तो शर्यतीगणिक हलका होत चालला आहे.