एकशेबाराव्या पानावरची ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मुद्रणदोषांवर आहे. एकतीस वर्षं प्रुफं तपासतोय. या काळात एकही चूक आपण होऊन दुरुस्त झालेली मी पाहिलेली नाही.

संपादकांनी जुने अनुवाद आजच्या वाचकांसाठी पुन्हा छापायचं ठरवलं, तेव्हा पहिलंच पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. एका प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याचे संवाद. गुरू आणि शिष्य वेशीबाहेर बसून मैत्री, विरह, मरण यांवर बोलतात. भाषांतर साठेक वर्षांपूर्वीचं. वाक्यात शिरलेला माणूस क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता विसरून जाई. 'हे प्रियवर'चं 'मित्रा' करायचं आणि वाक्यं तोडून सुटसुटीत करायची, असं ठरलं. मूळ छापील प्रत मात्र कुठेच मिळाली नाही. अनुवादकाच्या मुलीकडे वडिलांनी तपासलेली प्रुफं तेवढी होती, दोऱ्यानं शिवलेली.

ती घेऊन बाई स्वतःच कचेरीत आल्या. वय शहात्तर, एक डोळा गेलेला, दुसऱ्याला डॉक्टरांनी सहा महिने दिलेले. त्यांची एकच अट होती. जुन्या प्रतीवरून त्या मोठ्यानं वाचणार आणि मी नवी प्रुफं धरून ऐकणार. भाषा बदललेली असली तरी काही गळलेलं नाही ना, एवढंच बघायचं.

ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. एकानं वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट. दुसऱ्यानं ओळीखाली बोट ठेवून ऐकायचं. परिच्छेद जुळला की ऐकणाऱ्यानं समासात खूण करायची. हल्ली हे कुणी करत नाही. संपादक म्हणाले, बाईंचं मन राखा, तेवढंच पुण्य. मला पुण्यापेक्षा दुपारची झोप महत्त्वाची होती, पण बसलो.

मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कागदाचे गठ्ठे. भिंतीपलीकडे यंत्र चालू असलं की टेबलावरचा चहा थरथरायचा. बाई दोन्ही हातांनी भिंग धरून वाचत. जुन्या प्रुफांच्या समासात त्यांच्या वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, शेपूट डावीकडे वळवलेल्या. एकशेबाराव्या पानाच्या मध्यावर त्या खुणा थांबत होत्या. पुढच्या साठ पानांचे समास कोरे.

मी कारण विचारलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. वडिलांनी ही प्रुफं तपासली तेव्हाही हस्तलिखितावरून वाचणाऱ्या त्याच होत्या. त्या दुपारी पाचच्या गाडीनं त्या घर सोडून जाणार होत्या, एका माणसासाठी, वडिलांना न सांगता. एकशेबाराव्या पानावर हस्तलिखितातल्या लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दानं सुरू होत होत्या. खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर उडाला होता, आणि घाईत त्यांचाही उडाला. शिष्याच्या प्रश्नानंतरचं गुरूचं उत्तर वाचायचंच राहिलं. लक्षात आलं होतं, पण मागे गेलं असतं तर गाडी चुकली असती. उरलेलं उद्या वाचू, असं म्हणून त्या उठल्या.

"बाबा म्हणायचे, एकट्यानं वाचलेलं तपासलेलं धरू नये. म्हणून पुढं खुणा नाहीत." त्या म्हणाल्या, "हस्तलिखित राहिलं नाही. डोळे जायच्या आत मला ती ओळ हवीय. बाकी काही नको."

मी ग्रीक शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना फोन केला. मूळ ग्रंथात उत्तर असणारच, ते पुन्हा भाषांतरित करून घेऊ, असा माझा साधा हिशेब. त्यांनी दोन दिवसांनी कळवलं की मूळ पोथी त्या जागी फाटलेली आहे. प्रश्न शिल्लक आहे, उत्तर कुठल्याच भाषेत नाही.

म्हणजे ती ओळ बाईंच्या वडिलांनी पदरची घातली होती. हे मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे मी जाणार हे त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "वाचणारी मीच होते ना."

पुढच्या आठवड्यात माझ्या प्रुफांवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. मी लाल पेन वापरतो. प्रत्येक लाल खुणेशेजारी एक बारीक खूण, शेपूट डावीकडे. बाईंनी केल्या असतील म्हणून मी सोडून दिलं. मग आठवलं, त्यांचे दोन्ही हात भिंगावर असतात.

प्रुफं मी कपाटात कुलूपबंद करू लागलो. खुणा वाढतच राहिल्या. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला चष्म्याचा नंबर बदलायला हवा. मी बदलून घेतला. खुणा आणखी स्पष्ट दिसू लागल्या.

त्यातच पानांची मांडणी करणारा तक्रार घेऊन आला. त्याला आम्ही मिलिमीटर म्हणतो, कारण तो डबासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. एकशेबाराव्या पानावर एक ओळ रिकामी राहत होती. त्यानं ती तीनदा बंद केली, तीनदा ती उघडली.

"एका ओळीचीच जागा आहे," तो म्हणाला. "ना कमी ना जास्त. तुमच्याकडून काही गळलंय का, काका?"

एकशेबारावं पान आलं त्या दुपारी यंत्र बंद होतं. मला त्यांची फार दया आली. पन्नासहून अधिक वर्षांनी त्या पुन्हा त्याच पायरीवर अडखळणार होत्या आणि माझ्या हातात काही नव्हतं.

"शिष्य म्हणाला, स्वल्पविराम. जो न सांगता निघून गेला त्याला परतायला वाट असते का, प्रश्नचिन्ह."

त्या थांबल्या.

माझं बोट रिकाम्या ओळीवर होतं. ऐकणाऱ्यानं बोलायचं नसतं.

मी बोललो.

माझ्या बोटाखाली ओळ होती, जुन्या खिळ्यांची, शाई किंचित फुटलेली. मी ती सरळ वाचून दाखवली, पूर्णविरामासकट.

बाईंच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. ओळ कोरी होती. समासात एक खूण होती. मी काय वाचलं होतं, त्यातला एक शब्दही मला आठवत नव्हता. ते त्यांनीच मला सांगितलं.

"दार लोटलेलं आहे. कडी लावलेली नाही."

सगळ्या पुस्तकात बाबांनी इतकं साधं वाक्य लिहिलं नाही, असं म्हणून त्या हसल्या आणि मग रडल्या. घर सोडल्यावर चार वर्षांनी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या होत्या. लांबून दार बंद दिसलं, तशाच मागे फिरल्या. त्याच वर्षी वडील गेले.

"ढकलून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मी त्यांचा चहा त्यांच्या हाताजवळ सरकवला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी मूळ प्रतीत नसलेली ओळ प्रुफात घातली. मिलिमीटर खूश झाला. ती जागेवर तंतोतंत बसली. उरलेली साठ पानं आम्ही नियमानं वाचून संपवली. पेन्सिलीच्या खुणा त्यानंतर दिसल्या नाहीत.

पुस्तक छापून झाल्यावर पहिली प्रत मी टपालानं बाईंना पाठवली. महिन्याभरानं भेटायला गेलो, तोवर दुसरा डोळाही गेला होता. त्या एकट्याच राहतात. वाचून दाखवायला कुणी येतं का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यातून हो की नाही, ते मला कळलं नाही. मी आलोय म्हणून त्या चहा टाकायला भिंत चाचपत आत गेल्या.

टेबलाला दोन खुर्च्या होत्या, दोन्ही ओढलेल्या. पुस्तक उघडं होतं, शेजारी पेन्सिलीचा तुकडा. मी पानं चाळली. चाळिसाव्या पानापर्यंत प्रत्येक परिच्छेदाला समासात खूण होती. वेडीवाकडी, कुठे मजकुरावर गेलेली, न पाहता केलेली. ऐकणाऱ्यानं करायची असते, तशी.

चहा घेऊन मी निघालो. बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "दार नुसतं लोटून घ्या हं. पाच वाजत आले."