सातव्या वहीची नोंद

"मी चोर नाय, ताई. पण कागदावर मीच चोर दिसतोय."

अनिकेत एवढं बोलून खुर्चीवर बसला. शहापुरात प्रमिलाताई खासगी तपासाची कामं करायची आणि लखमा तिला आपल्या जीपमधून फिरवायचा. ताईची अक्कल हरणासारखी पुढे पळे, लखमाची बैलगाडीतून मागून येई. पण येई, एवढं तो छातीठोक सांगायचा.

अनिकेत अकरा वाचनालयांच्या संगणकांची देखभाल करी. पुस्तकांच्या नोंदी ठेवणारी त्याची प्रणाली मुक्त होती. तिचा कुणी मालक नाही. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी. मेहनताना फक्त देखभालीचा.

मुरबाडच्या वाचनालयात बारा वह्या होत्या. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली लग्नाची गाणी एका गुरुजींनी त्यांत उतरवून ठेवली होती. गुरुजी वारले, वह्या राहिल्या. आता एक विद्यापीठ त्या सगळ्यांना वाचायला खुल्या करणार होतं, आणि नेमकी सातवी वही गायब झाली होती.

"नोंद सांगते, मंगळवारी अकरा वीसला वही गेली, तीही ग्रंथपालबाईंच्याच कार्डावर," अनिकेत म्हणाला. "मंगळवारी नऊ ते तीन मुरबाडला वीज नव्हती. तिथला संगणक बंद. बाहेरून नोंद करायची चावी एकट्या माझ्याकडं. बुधवारी प्रिंटर दुरुस्त करायला मी गेलो, खांद्याला पिशवी होती. झालं. त्याच संध्याकाळी त्यांनी माझा पासवर्ड बंद केला."

आज गुरुवार. चार वाजता समितीची बैठक होती. तिथं त्याच्यावर चोरीचा ठराव झाला, की उरलेली दहा वाचनालयंही दारं लावणार.

"कागद बघितलास?" ताईनं विचारलं.

"दाखवलाच नाय. नुसतं तोंडी सांगितलं."

"चला, लखमाकाका," ताई उठली.

वाचनालयात समितीचे चिटणीस अमितराव वाटच बघत होते. फुकटचं ते फुकटचंच, विकतची प्रणाली घ्या असं मी वर्षभर सांगतोय, हे त्यांनी बसायच्या आधीच ऐकवलं. नोंदींचा छापील कागद त्यांनी पुढे सरकवला. अकरा वीसभोवती लाल गोल होता. ताईनं मात्र गोल सोडून सगळा कागद वाचला. लखमानंही मागून मान लांब केली. बुधवारची पहिली नोंद पहाटे चार पस्तीसची होती, एक कादंबरी परत आल्याची. दूधवाला वाचत असेल, असं त्याच्या मनात आलं.

"वाचनालय कधी उघडतं?" ताईनं विचारलं.

"दहाला. एक मिनिट इकडंतिकडं नाही."

ग्रंथपाल संघरत्ना रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मंगळवारी ती वीज येईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पुस्तकांना पुठ्ठे घालत होती. चारला नेहमीप्रमाणे कल्याणच्या एसटीत बसली, आईची औषधं आणायला. दर मंगळवारी कुलूप शिपाई मालू लावते.

ताईनं तिच्या कार्डावरची यादी उघडायला लावली. एकोणीस पुस्तकं निघाली. शेळीपालन, भाताचे रोग, बाळंतिणीची काळजी आणि चौथीच्या गोष्टींची सहा.

"शेळ्या पाळता?"

"नाही," संघरत्ना म्हणाली आणि खाली बघू लागली. ताईनं पुढे विचारलं नाही. तिनं वाकून टेबलाची खालची कड चाचपली. तिथं संघरत्नाचं कार्ड चिकटपट्टीनं लावलेलं होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

मग वह्यांचं कपाट उघडलं. सहावी आणि आठवीच्या मधल्या फटीत तांदळाचे तीन पिवळे दाणे पडले होते. उंदरांनी इथंही संसार मांडला, असं लखमा पुटपुटला. ताईनं दाणे उचलून रुमालात बांधले.

शिपाई मालू पायरीवर बसली होती. पन्नाशीची, कपाळावर गोंदण, नजर चुकवणारी. मंगळवारी अकराला कुणी आलं होतं का, असं विचारताच तिनं लगेच सांगितलं, "लाइटच नव्हती. कोन येल? देवाशपथ, त्या टायमाला मी कोनाला काय दिला नाय."

"आज घाई दिसते तुमची."

"वाडीत लगीन हाय गो बाय. सुटी मागतंय तर कोनी देत नाय."

चारला समितीचे पाच जण बसले. अमितरावांनी ठराव वाचायला घेतला, तेव्हा ताईनं हात वर केला.

"आधी एक सांगा. बुधवारी पहाटे चार पस्तीसला वाचनालय कुणी उघडलं?"

सगळे कागदावर वाकले.

"कुणी नाही," ताई म्हणाली. "ती कादंबरी दहा वाजून पाच मिनिटांनी परत आली. दार उघडल्यावरची पहिलीच. फरक साडेपाच तासांचा. अनिकेत, अलीकडं यंत्रात काही बदललंस?"

अनिकेतनं कपाळाला हात लावला. रविवारी त्यानं सगळ्या नोंदी नव्या यंत्रावर हलवल्या होत्या. "घड्याळ आपल्या वेळेला लावायचं राहिलं. ते विलायतेच्या वेळेवर चाललंय. चूक माझीच."

"म्हणजे अकरा वीस नव्हेच. दुपारचे चार पन्नास. वीज आली होती, संगणक चालू होता. बाहेरच्या चावीची गरजच नव्हती."

लखमाच्या डोक्यात आत्ता कुठं दूधवाल्याची सुटका झाली.

"मग बाईंनीच," अमितराव म्हणाले.

"त्या चारच्या एसटीत होत्या. आणि चोर नोंद करून चोरी करत नाही. नोंद तोच करतो, ज्याला वही परत यायची खात्री असते. त्या कार्डावरची पुस्तकं बघा. शेळ्या नसलेली बाई शेळीपालन का नेईल? वाडीतल्या लोकांकडं पत्त्याचे कागद नाहीत, म्हणून त्यांना कार्ड मिळत नाही. बाई त्यांना आपल्या कार्डावर पुस्तकं देतात. नियमाबाहेर आहे, म्हणून त्या गप्प. आणि बाईंना रोज तसं करताना पाहणारं माणूस इथं एकच आहे."

ताईनं रुमाल सोडला. "या अक्षता आहेत. वाडीत आवतण असंच देतात. लग्नाचं आवतण घेऊन कोण आलं होतं, मालूताई?"

मालू दारातच उभी होती. पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "यमूआजी. गानी तिचीच हायेत. आता तिला इसर पडतो. लगनात गाना अर्धा रायला तर मांडवाला बरा नाय. म्हनली, वही दे, सून वाचल, मी म्हनन. गुरुजी नायत, म्हनून आवतनाच्या अक्षता तिनी वहीच्या जागेला ठेवल्या. बाय शिकवतात, नोंदीबिगर कागूद भायेर जायाचा नाय. मी कार्ड लावला. कंपूटरनी इचारला, देऊ का? मी हो दाबला."

"मग सांगितलं का नाहीस गो?" संघरत्नानं विचारलं.

"कार्डाचा समजला आसता तर तुमची नोकरी गेली आसती. उद्या वही येनारच व्हती. पोराचा नाव आला तवा जीव गलबलला, पन तोंड उघडंना."

अनिकेतनं इतका लांब श्वास सोडला, की समोरचे कागद हलले. समितीतल्या एका म्हाताऱ्यानं ठरावाचा कागद उलटा केला आणि पाठीवर लिहायला घेतलं, वाडीच्या लोकांना कार्ड देण्यासाठी यापुढे ग्रंथपालाची ओळख पुरे. अमितरावांनी सगळ्यात शेवटी सही केली, पण केली.

लखमानं सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. वाडीत पोचले, तेव्हा ऊन कलत होतं. मांडवात यमूआजी डोळे मिटून गात होती. मागं सून संगीता मांडीवर वही घेऊन पुढची ओळ कानात सांगे आणि आजी ती उचले. वहीला नवं फडकं गुंडाळलेलं होतं.

अमितराव पुढे व्हायला लागले, तशी ताईनं त्यांची बाही धरली. "गाणं संपू द्या."

गाणं संपलं. मालूनं वही आणून संघरत्नाच्या हातात दिली. कोपऱ्यावर हळदीचा एक अंगठा उमटला होता. संघरत्नानं पानं उलटली आणि एका पानावर थांबली. गुरुजींनी तिथं दोन ओळींची जागा मोकळी सोडून लिहिलं होतं, 'पुढचे आजीला आठवत नाही'. त्या मोकळ्या जागेत आता पेन्सिलीनं दोन ओळी होत्या.

"मांडवात बसल्याव आठवला," यमूआजी म्हणाली. "संगीताला म्हनला, लिव."

शुक्रवारी सकाळी मालूनं वही परत आल्याची नोंद केली. लखमानं पडद्यावरची वेळ वाचली, मग मनगटावरची. दहा वाजून सात. दोन्हींकडं.